बाल्वानोचा बोगदा : ३ मार्च १९४४ ची मालगाडी आणि कार्बन मोनॉक्साइड

दक्षिण इटलीच्या डोंगराळ बाझिलिकाता भागात बाल्वानो नावाचं लहानसं गाव आहे. २ मार्च १९४४ ला नेपल्सहून पोतेंझाकडे निघालेली ८०१७ नंबरची मालगाडी मध्यरात्रीनंतर इथल्या स्टेशनात थांबली. रात्री १२ वाजून ५० मिनिटांनी ती पुढे निघाली, पण पुढचं बेल्ला-मुरो स्टेशन तिने गाठलंच नाही. वाटेतल्या बोगद्यात ती चढावर अडकली. टक्कर झाली नाही, डबे घसरले नाहीत, आग लागली नाही, कुठे काही फुटलं नाही. तरी उजाडेपर्यंत पाचशेहून जास्त माणसं मेली होती. सरकारी आकडा ५१७ चा. काही अंदाज सहाशेच्या पुढे जातात. इटलीच्या रेल्वेच्या इतिहासात एवढा मोठा अपघात दुसरा नाही, आणि त्यातले जवळजवळ सगळे बळी इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचे.

या वायूची माहिती देताना ‘रंग नाही, वास नाही, चव नाही’ एवढं सांगून आपण बहुतेक वेळा थांबतो. ऐकणाऱ्याला वाटतं, लक्ष ठेवलं, जरा गुदमरल्यासारखं झालं की बाहेर पडलं, की झालं. बाल्वानोचं प्रकरण सविस्तर मांडायचं ते याचसाठी. हा वायू जीव घेण्याच्या आधी जीव वाचवण्याची ताकद काढून घेतो. विचार, निर्णय, पायातलं बळ हे सगळं आधी जातं. म्हणून इथे माणसाच्या सावधपणावर भिस्त ठेवता येत नाही.

गाडीत कोण होतं

नावाला ती मालगाडी होती, पण तिच्यावर सहाशेच्या आसपास माणसं बसलेली होती. नेपल्स १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात आलं होतं आणि शहरात खायला नव्हतं. लोक कपडे, सिगारेटी, सैनिकांकडून मिळालेल्या वस्तू घेऊन डोंगरातल्या गावांत जायचे आणि बदल्यात पीठ, तेल, मांस आणायचे. प्रवासी गाड्या जवळजवळ नव्हत्याच, म्हणून मिळेल त्या मालगाडीवर चढायचं. काहींना वाटेतल्या स्टेशनांवर उतरवलं गेलं, पुढच्या स्टेशनावर दुसरे चढले. मार्चची थंड रात्र, उघड्या वाघिणी, दिवसभराचा शीण. बोगदा आला तेव्हा बहुतेक जण एकमेकांना बिलगून झोपले होते.

४७ वाघिणी, पाचशे टनांच्या वर वजन, आणि ते ओढायला वाफेची दोन इंजिनं, दोन्ही पुढे जोडलेली. बाल्वानोच्या पुढचा देल्ले आर्मी हा बोगदा दोन किलोमीटरला थोडा कमी, एकपदरी, अरुंद. चढ साधारण १.३ टक्के. आकड्यात हा चढ फार वाटत नाही. आपल्या बोर घाटात आणि थळ घाटात तो १:३७ आहे, म्हणजे याच्या दुपटीहून जास्त. पण घाटात कर्जतहून वर जाताना गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन लागतं, हे पुणे-मुंबई करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. शिवाय १९३० च्या सुमारास त्या दोन्ही घाटांत विजेची इंजिनं आली आणि बोगद्यांतला धुराचा प्रश्नच संपला. बाल्वानोला मागे इंजिन नव्हतं. ते असतं तर गाडी थांबली तेव्हा जवळजवळ बोगद्याच्या तोंडाशी, उघड्या हवेत राहिलं असतं. कारण शेवटच्या एक-दोन वाघिणी सोडल्या तर बाकी सगळी गाडी आत होती. माझ्या मते या अपघातात सगळ्यात महाग पडलेली गोष्ट तीच.

भट्टीत काय घडलं

ओलसर रुळांवर इंजिनांची चाकं जागच्या जागी फिरू लागली. गाडीचा वेग पडत गेला आणि ती थांबली. आता त्या इंजिनांवरच्या माणसांच्या जागी उभं राहून पाहा. गाडी चढत नाही, म्हणजे वाफ हवी. वाफ हवी, म्हणजे कोळसा टाकायला हवा. फायरमन फावडं उचलतो आणि भट्टीत कोळसा ढकलतो. त्या परिस्थितीत कुठलाही फायरमन हेच करील. आणि त्यानेच विष वाढतं.

कोळशाचा थर जाड झाला की खालून येणारी हवा आधी खालच्या निखाऱ्यांना मिळते. तिथे कोळसा पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड होतो. तो वर चढताना लाल झालेल्या कोळशातून जातो, आणि तो तापलेला कार्बन त्यातला निम्मा ऑक्सिजन हिसकावून घेतो. एका कार्बन डायऑक्साइडचे दोन कार्बन मोनॉक्साइड होतात. थराच्या वर पुरेशी ताजी हवा मिळाली तर हा वायू निळ्या ज्योतीने जळून जातो. हवा कमी पडली तर तसाच धुराड्यातून बाहेर पडतो. शहरांना एकेकाळी कोळशापासून जळणाचा गॅस पुरवायचे, त्यातही हाच वायू भरपूर असायचा. तिथे तो मुद्दाम बनवत. इथे नको असताना बनत होता.

वाफेच्या इंजिनात भट्टीला हवा ओढून आणायचं काम बाहेर फेकली जाणारी वाफच करते. इंजिन चालत असलं तर भकभक झोत बसतो आणि भट्टी पेटती राहते. इंजिन थांबलं की झोत मंदावतो आणि जाड थर धुमसत राहतो. त्यात युद्धकाळातला हलक्या प्रतीचा, राखेने भरलेला कोळसा. त्यात बोगद्याची हवा. इंजिनाने सोडलेला धूर छताला आपटून खाली येतो आणि तीच ऑक्सिजन कमी झालेली हवा भट्टी पुन्हा आत घेते. प्रत्येक फेरीत ज्वलन आणखी अपुरं, आणि प्रत्येक फेरीत कार्बन मोनॉक्साइड आणखी जास्त. ही साखळी आपोआप तुटत नाही. तिला तोडायला एकतर वारा लागतो किंवा आग विझावी लागते. बोगद्यात पहिल्याच्या मागोमाग जोडलेलं दुसरं इंजिन त्याच्या धुरातच उभं होतं, हेही विसरायला नको.

लोकांना यात एक गोष्ट पटत नाही. धूर तर दिसत होता, खोकला येत होता, डोळे चुरचुरत होते, मग लोक उठून पळाले का नाहीत? एक तर त्या मार्गावरच्या बोगद्यांत धूर रोजचाच. दोन मिनिटं तोंडावर रुमाल धरायचा की बोगदा संपतो, ही सवय पडलेली. दुसरं, जो धूर डोळ्याला झोंबतो तो मारत नसतो. काजळी, गंधकाचे वायू झोंबतात. कार्बन मोनॉक्साइडची घशाला जाणीवसुद्धा होत नाही. श्वास कोंडल्याची जी भीतीदायक भावना असते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने येते. इथे छाती व्यवस्थित हलत असते, म्हणून गुदमरल्याचा इशारा मिळत नाही.

रक्तात काय घडलं

फुफ्फुसात आलेला ऑक्सिजन लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि शरीरभर जातो. कार्बन मोनॉक्साइड त्याच जागेवर बसतो आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पटींनी घट्ट बसतो. म्हणून हवेत अगदी थोडा असला तरी रक्तात तो साठत जातो. हा वायू रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो हे क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दाखवून दिलं. पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात हा वायू स्वतःच्या अंगावर घेऊन त्याचा चढता परिणाम टिपून ठेवला, आणि खाणीत स्फोटानंतर मरणारे मजूर भाजून कमी व या वायूने जास्त मरतात हे सिद्ध केलं. खाणीत पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी न्यायची पद्धत त्यांच्याच सांगण्यावरून आली. म्हणजे १९४४ मध्ये यातलं काहीही नवीन नव्हतं. रेल्वेच्या इंजिनिअरांना हे कळण्यासारखं होतं, आणि माझा राग तिथे आहे.

आणखी एक घातक गोष्ट घडते. हिमोग्लोबिनच्या चार जागांपैकी एक-दोन जागा या वायूने अडवल्या की उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही घट्ट धरला जातो आणि पेशींना सुटून मिळत नाही. म्हणून रक्तस्रावाने निम्मं हिमोग्लोबिन गमावलेला माणूस कसाबसा चालू शकतो, पण निम्मं हिमोग्लोबिन या वायूने अडवलेला माणूस कोसळतो. हा वायू हृदयाच्या स्नायूत आणि पेशींच्या आतल्या ऊर्जेच्या यंत्रणेतही शिरतो, ते वेगळंच.

आकडे असे आहेत. हवेत हा वायू ०.०२ टक्के असेल तर दोन-तीन तासांत डोकं दुखतं. ०.०८ टक्क्यांना पाऊण तासात चक्कर आणि मळमळ, दोन तासांत बेशुद्धी. ०.३२ टक्क्यांना पाच-दहा मिनिटांत डोकं गरगरतं आणि अर्ध्या तासात मृत्यू येतो. १.२८ टक्क्यांना दोन-तीन श्वासांत शुद्ध हरपते आणि तीन मिनिटांच्या आत सगळं संपतं. धापा टाकत फावडं मारणारा माणूस झोपलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत घेतो, त्यामुळे त्याचं रक्त आधी भरतं. बाल्वानोत इंजिनांवरची माणसं आधी गेली ती यामुळे. दोन्ही इंजिनांवर मिळून एकच फायरमन वाचला.

सकाळी इंजिनं तपासली तेव्हा एकाचा दिशा ठरवणारा दांडा पुढे जाण्याच्या बाजूला होता आणि दुसऱ्याचा मागे येण्याच्या. एक ड्रायव्हर गाडी वर चढवू पाहत होता, दुसरा खाली उतरवू पाहत होता. हा तपशील पुष्कळदा चालकांच्या चुकीचा पुरावा म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. काळोख, वाफेचा कल्लोळ, एका इंजिनावरून दुसऱ्याला सांगायला शिट्टीखेरीज साधन नाही, आणि मेंदू ऑक्सिजनअभावी मंद झालेला. अशा वेळी दोन माणसांचे दोन निर्णय होणं हे त्या वायूच्या विषबाधेचंच लक्षण आहे.

पाच तास

बेल्ला-मुरोला गाडी वीसेक मिनिटांत पोचायला हवी होती. पोचली नाही, तरी कुणी हललं नाही. युद्धात गाड्या तासन्तास उशिरा धावत, आणि दोन स्टेशनांच्या मधे गाडी थांबलेली असणं नेहमीचं. पहाटे पाचच्या सुमारास मागच्या बाजूचा एक ब्रेकमन रुळांवरून अडखळत बाल्वानोच्या स्टेशनात आला आणि आत सगळे मेलेत असं त्याने सांगितलं. तेव्हा कळलं. मदतीला निघालेल्या इंजिनालाही पुढे जाता येईना, कारण काही जण उतरून पळायच्या प्रयत्नात रुळांवरच पडले होते. शेवटी गाडी मागे ओढून स्टेशनात आणली तेव्हा सकाळ झाली होती. बहुतेक चेहऱ्यांवर तडफडीची खूण नव्हती, झोपलेल्या माणसांसारखे चेहरे. कार्बन मोनॉक्साइडने मेलेल्यांची त्वचा पुष्कळदा गुलाबी, लालसर दिसते, कारण या वायूला चिकटलेलं रक्त भडक लाल असतं. पाहणाऱ्याला माणूस जिवंत आहे असंच वाटतं.

वाचले ते प्रामुख्याने शेवटच्या वाघिणींतले, बोगद्याच्या तोंडाजवळचे. त्यांच्यातल्या काहींच्या मेंदूवर कायमचा परिणाम राहिला. हे या विषबाधेत अपेक्षितच असतं. मेंदूच्या आतल्या गाभ्यातल्या ज्या भागांना ऑक्सिजनची कमतरता सोसत नाही, ते मरतात. कधी माणूस शुद्धीवर येतो, घरी जातो, कामाला लागतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी विसरायला लागतो, चाल बिघडते, स्वभाव पालटतो. घरच्यांना त्या रात्रीचा आणि याचा संबंध लागत नाही.

मेलेल्यांना बाल्वानोच्या स्मशानभूमीत सामुदायिक कबरींत पुरलं. अनेकांची ओळखही पटली नाही. युद्ध चालू होतं, वर्तमानपत्रांवर बंधनं होती, बातमी दबली. ‘फुकटे प्रवासी’ असा शिक्का मारून पुष्कळ वर्षं हे प्रकरण बाजूला ठेवलं गेलं. वास्तविक त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी तिकीट काढलेलं होतं.

नंतर मात्र ठोस उपाय झाले. त्या मार्गावर गाडीच्या वजनाला ३५० टनांची मर्यादा घातली. डोंगरातल्या चढासाठी अमेरिकन डिझेल इंजिनं आणली. आणि देल्ले आर्मी बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी एक पहारेकरी बसवला: आतला धूर निघून गेला आहे का ते पाहायचं आणि मगच पुढची गाडी सोडू द्यायची. वाफेची इंजिनं जाईपर्यंत, म्हणजे १९५९ पर्यंत, तो पहारा होता. हे तिन्ही उपाय नीट पाहा. एकातही प्रवाशांना ‘सावध राहा’ असं सांगितलेलं नाही. विष कमी बनेल आणि बनलेलं निघून जाईल, एवढंच पाहिलं आहे.

उघड्या हवेतला कार्बन मोनॉक्साइड

बोगद्याबाहेर हाच वायू पातळ होतो. स्वच्छ हवेत तो दहा लाख भागांत साधारण ०.१ भाग असतो आणि एक-दोन महिने टिकतो. जंगलातले वणवे, शेतात जाळलेला पाचोळा, चुली, वाहनं ही त्याची उगमस्थानं, शिवाय मिथेनचं हवेत विघटन होतानाही तो तयार होतो. हवा धुऊन काढणारे जे हायड्रॉक्सिल कण वातावरणात असतात त्यांना तो खाऊन टाकतो, त्यामुळे मिथेन जास्त काळ टिकतो आणि जमिनीलगतचा ओझोनही वाढतो. भारतात निवासी भागासाठी आठ तासांची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम आणि एका तासाची ४ मिलिग्रॅम आहे. गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आल्यापासून शहरांच्या हवेत हा वायू पूर्वीइतका राहिलेला नाही. हृदयविकार असलेल्यांना आणि गरोदर बायकांना कमी प्रमाणही बाधतं. गर्भाचं हिमोग्लोबिन हा वायू आईपेक्षा जास्त वेळ धरून ठेवतं. पण आपल्याकडे माणसं मरतात ती रस्त्यावरच्या कार्बन मोनॉक्साइडने नाही, बंद खोलीतल्या.

न्हाणीघरातला बोगदा

पुण्या-नाशकाकडे थंडीत गॅस गिझरने दगावलेल्यांच्या बातम्या येतात, त्या वाचताना मला दर वेळी त्या इंजिनाची भट्टी दिसते. चार बाय सहाचं न्हाणीघर. गिझर आतच भिंतीला टांगलेला. नळ सोडला की बर्नर आपोआप पेटतो आणि स्वयंपाकाचे चार-पाच बर्नर एकदम लावल्याइतका गॅस जाळतो. गार वारा येतो म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर पुठ्ठा किंवा प्लॅस्टिक लावलेलं, दाराला आतून कडी. पहिल्या बादलीपर्यंत ज्योत निळी असते. खोलीतला ऑक्सिजन कमी होऊ लागतो, बर्नर स्वतःचाच धूर पुन्हा ओढतो, आणि ज्योतीचं टोक पिवळं होतं. बाल्वानोचीच साखळी, फक्त कोळशाच्या जागी एलपीजी.

इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे. लोक म्हणतात, ‘गॅस लीक झाला असता तर वास आला असता.’ एलपीजीला वास मुद्दाम मिसळलेला असतो, तो न जळलेल्या गॅसचा. अर्धवट जळून झालेल्या कार्बन मोनॉक्साइडला तो वास नसतो. गॅस अजिबात गळत नसताना माणूस मरतो. शेगडीत कोळसा पेटवून बंद खोलीत झोपणं, जनरेटर जिन्याखाली चालवणं, बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवून गाडीत झोपणं, हे सगळं याच जातीचं.

मुलगी आंघोळीला गेली, बराच वेळ बाहेर आली नाही, दार तोडलं तर खाली पडलेली, हातपाय ताठ. घरचे म्हणतात फिट आली. काही वेळा डॉक्टरही फिटचीच औषधं सुरू करतात आणि ती त्याच न्हाणीघरात पुन्हा आंघोळीला जाते. न्यूरॉलॉजिस्टांना हा प्रकार चांगला माहीत आहे. घरात पहिल्यांदाच आणि न्हाणीघरातच फिट आली तर ते आधी गिझरची चौकशी करतात.

गिझर बाहेर, ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या पॅसेजमध्ये असावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. ते जमत नसेल तर बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा, दार-खिडकी उघडून हवा जाऊ द्यावी आणि मग आंघोळीला जावं. एक्झॉस्ट फॅन लावला पण खालून हवा आत यायला फट नसेल तर तो फॅन नुसता फिरतो.

आणि कुणी सापडलंच तर आधी गॅस बंद करून दार-खिडक्या उघडायच्या, माणसाला मोकळ्या हवेत आणायचं, श्वास नसेल तर कृत्रिम श्वास द्यायचा आणि १०८ ला फोन लावायचा. आत शिरणाऱ्यानेही श्वास रोखून, झटकन जाऊन यायचं; वाचवायला गेलेला दुसरा माणूस तिथेच कोसळल्याची उदाहरणं कमी नाहीत. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण सव्वा तास, आणि जास्त दाबाने ऑक्सिजन देणाऱ्या कक्षात वीस-पंचवीस मिनिटं. रुग्णालयात गेल्यावर ‘बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू होता’ हे वाक्य सगळ्यात आधी बोला. कोविडपासून घरोघरी असलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो: कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही लालच असल्यामुळे तो ९७-९८ दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात. रक्तातलं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, वेगळं मोजावं लागतं, आणि ते ऑक्सिजन सुरू करून झाल्यावर जितक्या उशिरा मोजाल तितकं कमी निघतं. म्हणून ऑक्सिजनसाठी रिपोर्टची वाट पाहायची नाही, तो लगेच सुरू करायला सांगायचा.